थंड खोलीतला शॅमेलिऑन : ऊब की मोकळीक?

इंग्लंडच्या उत्तरेला लीड्समध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि पावणेचारला मावळतो. विटांच्या जुन्या घरांत रेडिएटर सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ लावायचा आणि बाकी वेळ स्वेटरवर भागवायचं, हे 2022 मध्ये विजेचे आणि गॅसचे दर भडकल्यापासून अनेकांच्या अंगवळणी पडलं आहे. अशा घरातल्या मागच्या खोलीत रात्री पारा 12 अंश सेल्सिअसपर्यंत सहज उतरतो. त्याच खोलीत येमेनच्या डोंगरातल्या कुळाचा एक शॅमेलिऑन राहत असेल, तर त्याला सुखात ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पुढचा संवाद या प्रश्नावरचा आहे. भाचा लीड्सला नोकरी करतो आणि त्याने व्हेल्ड जातीचा एक नर पाळला आहे. आत्या कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, रानातले शॅमेलिऑन जवळून पाहिलेली. ती हिवाळ्यात त्याच्याकडे राहायला आली आहे. दोघांचाही त्या जिवावर जीव आहे, पण सुख कशात हे ठरवताना दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मला दोन्ही बाजू मोलाच्या वाटतात, म्हणून त्या संवादातच ठेवल्या आहेत.

आत्या : अरे, तुझ्या त्या मागच्या खोलीत पाय ठेवला की तळपायातून थंडी डोक्यात जाते. मला तिथे दोन स्वेटर लागतात आणि हा रात्रभर फांदीवर उघडा. निदान रात्री तरी हीटर चालू ठेवत जा की.

भाचा : पैसे वाचवायला मी हीटर बंद ठेवत नाही, आत्या. रात्रीचा गारवा त्याला लागतोच. हा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य कोपऱ्यातला प्राणी. आपण येमेन म्हटलं की वाळवंट डोळ्यांपुढे आणतो. पण नकाशा बघ. सना शहर आपल्या पणजीच्या जवळपास त्याच अक्षांशावर आहे, फक्त सव्वादोन हजार मीटर उंचीवर. जानेवारीत तिथे दिवसा पारा विशी गाठतो आणि रात्री एक अंकी होतो. इब्ब, ताइझ या भागातल्या डोंगरउतारांवर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या कडेला ही जात राहते. थंड रात्र तिच्या ओळखीची आहे.

आत्या : रात्र ओळखीची असेल, पण त्या रात्रीमागून येणारा दिवस कुठे आहे तुझ्याकडे? पंधराव्या अक्षांशावर भर हिवाळ्यातही दिवस अकरा तासांचा असतो आणि ऊन चांगलं वर चढतं. इथे साडेसात तासांचा दिवस, तोही ढगाआडचा. डोंगरातली अर्धीच गोष्ट उचलून कसं चालेल?

भाचा : म्हणूनच तो दिवस मी बांधून देतो. सकाळी सातला त्याच्या पिंजऱ्यातले दिवे लागतात, संध्याकाळी सातला विझतात. अतिनील किरणांची 24 वॉटची एक ट्यूब, झाडांसाठी पांढरा प्रकाश आणि शेकायला 50 वॉटचा हॅलोजन. शेकायच्या फांदीवर 30 अंशांच्या आसपास. दिवे गेले की पारा हळूहळू उतरतो. अंधार पूर्ण. तांबडा किंवा निळा ‘रात्रीचा बल्ब’ मी कधीच लावत नाही, कारण तो उजेड त्याला दिसतो आणि झोप मोडते.

आत्या : आणि बारा अंश?

भाचा : बारापर्यंत जाऊ देत नाही. पिंजऱ्यावर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आहे, थर्मोस्टॅट 15 वर. पारा त्याखाली जायला लागला तरच तो चालू होतो. निरोगी, मोठ्या व्हेल्डला 15 ते 18 अंशांची रात्र मानवते. पिल्लू असतं, आजारी असता किंवा मादागास्करच्या सखल किनाऱ्यावरचा पँथर शॅमेलिऑन असता, तर मी रात्र आणखी उबदार ठेवली असती. उलट केनियाच्या डोंगरातल्या जॅक्सनला उबदार रात्रींचाच त्रास होतो. सगळ्या शॅमेलिऑनांना एकच पारा लागू होत नाही.

आत्या : ठीक. पण पिंजऱ्यावर एखादी गोधडी टाकलीस तर हीटरही लागणार नाही.

भाचा : तू हे वर्गात शिकवलं आहेस, आत्या. पांघरूण ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतं. तुझ्या-माझ्या अंगात भट्टी आहे, म्हणून गोधडीत आपण तापतो. त्याच्या अंगात भट्टीच नाही. हवा जितकी गार, तितकंच त्याचं अंग गार.

आत्या : शिकवलंय, आणि म्हणूनच काळजी वाटते. ज्याच्या अंगात भट्टी नाही त्याचं सगळंच बाहेरच्या पाऱ्यावर चालतं. अन्न पचणं, रोगाशी झुंजणं, स्नायू हलणं. आपल्याला थंडी वाजली तर आपण कुडकुडतो, पण पोट आपलं काम करत राहतं. त्याचं पोट थांबतं. बाहेरून तो फांदीवर शांत बसलेला दिसेल आणि आत खाल्लेलं तसंच पडून राहील, कुजेल. मग तुझं ‘मानवतं’ कशावरून म्हणायचं? परवा दुपारी तू झुरळ दाखवलंस तर त्याने लगेच जीभ मारली. पाहणाऱ्याला वाटेल, भूक आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

भाचा : तिथेच पाळणारे फसतात. फ्लोरिडातले क्रिस्टोफर अँडरसन आणि स्टीफन डेबन यांनी 2010 मध्ये याच जातीवर अभ्यास प्रसिद्ध केला. 15, 25 आणि 35 अंशांना जिभेचा वेग मोजला. दहा अंश कमी झाले की जीभ बाहेर फेकण्याची ताकद आणि वेग जेमतेम 10 ते 19 टक्क्यांनी घटतो. पण जीभ आत ओढण्याचा वेग 40 टक्क्यांहून जास्त पडतो. बाहेर फेकताना आधी ताणून ठेवलेले लवचीक तंतू एकदम सुटतात, त्यांना थंडीचं फारसं काही वाटत नाही. आत ओढणं मात्र निव्वळ स्नायूंचं काम.

आत्या : म्हणजे गारठलेला शॅमेलिऑनही नेम चुकवत नाही.

भाचा : बरोबर. डोंगरातल्या गार पहाटेही त्याला शिकार साधते, ही त्याची सोय आहे. पण आपण त्यावरून सुखरूपपणाचा अंदाज बांधायला गेलो तर घात. म्हणून हिवाळ्यात मी त्याला सकाळीच खायला घालतो, अंग तापल्यावर, म्हणजे पचायला पुढे आठ-नऊ तासांची ऊब मिळते. परवाचं ते झुरळ दुपारचं असलं तरी दिवे जायला चार तास होते. मोठ्या नराला एक दिवसाआड पुरतं. ज्या दिवशी दिवा बिघडला त्या दिवशी उपास.

आत्या : हे पटलं. पण खिडकी का नाही वापरत? जे काही ऊन येतं ते दुपारी त्या मागच्या काचेवर येतं. पिंजरा तिथे सरकव.

भाचा : काचेतून आलेलं ऊन डोळ्यांना ऊन दिसतं, त्याच्या कातडीला नाही. साधी काच अतिनील प्रकाशातले यूव्हीबी किरण अडवते. आणि चोपन्नाव्या अक्षांशावर हिवाळ्यात ते किरण मुळातच नगण्य. वर त्या जुन्या खिडकीच्या फटींतून वारा येतो. काचेजवळ उजेड थोडा आणि झोत जास्त. पिंजरा आतल्या भिंतीला आहे तो त्यासाठी.

आत्या : कातडीतल्या ड जीवनसत्त्वाचं आणखी एक आहे. किरण लागले की आधी त्याचं कच्चं रूप तयार होतं. ते पक्कं व्हायला ऊब लागते. म्हणजे नुसती ट्यूब लावून थंडीत बसवलास तर काम अर्धवट राहील. ड नाही तर कॅल्शियम नाही, आणि कॅल्शियम नाही तर हाडं वाकतात. फांदी धरणारे पायच वाकले की त्याचं जगणंच गेलं.

भाचा : म्हणून शेकायची फांदी आणि ट्यूबची फांदी एकच ठेवली आहे. तिथे यूव्ही निर्देशांक 3 च्या आसपास भरतो. खाली उतरलं की झपाट्याने कमी होतो. किती घ्यायचं ते तो ठरवतो. आणि ते त्याला कळतं, हे माझ्या मनाचं नाही. कार्स्टन, फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये पँथर शॅमेलिऑनवर हे दाखवलं. ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व कमी, ते यूव्हीत जास्त वेळ थांबले. ज्यांना आहारातून भरपूर मिळत होतं, त्यांनी यूव्ही टाळली. आपल्याला जे रक्त तपासून कळतं, त्यावर तो फांदी बदलून उपाय करतो. माझं सगळं पाळणं यावर उभं आहे. मी त्याला ऊब देत नाही, ऊब आणि गारवा दोन्ही देतो. निवड त्याची.

आत्या : निवड. हा शब्द तू फार सहज वापरतोस. काल सबंध दिवस मी त्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. काय पाहिलं ते सांगू?

भाचा : सांग.

आत्या : सातला दिवे लागले तेव्हा तो खालच्या पानांत होता. फिका, झोपेतला रंग. दहा मिनिटांत गडद होत गेला, शेवाळी, मग जवळजवळ काळपट. तसाच एकेक पाऊल तोलत वरच्या फांदीवर आला, दिव्याला आडवा झाला, एक कूस वर केली आणि बरगड्या पसरून अंग इतकं चपटं केलं की पलीकडची फांदी त्याच्या कडेला चिकटल्यासारखी दिसली. गडद रंग उष्णता ओढून घेतो आणि चपट्या अंगावर ती जास्त पडते. पाहण्यासारखं होतं, खरंच. साधारण अर्ध्या तासात मानेपासून हिरवा फुटायला लागला, पिवळे पट्टे उजळले. इथवर सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणे.

भाचा : मग?

आत्या : मग तो तिथेच राहिला. नऊला तिथे. अकराला तिथे. तू पाणी दिलंस तेव्हा दोन पावलं सरकला आणि परत तिथेच. चारला रेडिएटर लागला, खोलीत जरा जीव आला, तेव्हा कुठे तो खाली उतरला आणि झाडातून फिरला. दुपारी मी तुझा थर्मामीटर मधल्या फांदीला लावून पाहिला. 17. खाली 15. आता मला सांग, वर 30 आणि बाकी सगळीकडे गारठा असेल, तर त्याने काय निवडलं? शेकोटीपुढे बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गारठते. तरी आपण उठत नाही, कारण उठलं की सगळंच गारठतं. ती निवड नव्हे, अडकणं आहे.

भाचा : हे मी असं पाहिलं नव्हतं. तो वर दिसला की मला बरं वाटायचं, शेकतोय म्हणून.

आत्या : आणि यातला खरा धोका तुलाही माहीत आहे.

भाचा : भाजणं. व्हेल्डच्या डोक्यावर तो उंच तुरा असतो ना, तो दिव्याच्या सगळ्यांत जवळ. पाठ तापते तोवर तुरा भाजलेला असतो. थंड खोलीत पोटापर्यंत ऊब पोहोचत नाही म्हणून प्राणी तासन् तास दिव्याखाली थांबतो आणि वरची कातडी करपते. पाळणारे म्हणतात, दिवा फार गरम होता. पुष्कळदा दिवा ठीक असतो, खोली फार थंड असते.

आत्या : आणि पहिला उपाय काय सुचतो? मोठा बल्ब.

भाचा : जो सगळ्यांत वाईट. वरचं टोक 38 वर जाईल, मधली फांदी 18 वर. नाही, दिवा वाढवायचा नाही. मधला भाग उबदार करायला हवा. दिवसा मधल्या फांद्यांवर 22 ते 25 आणि खाली 20 च्या आसपास मिळालं, तर तो शेकून झाल्यावर निघेल. आता पिंजरा चारही बाजूंनी जाळीचा आहे. उन्हाळ्यात ते छान, हिवाळ्यात सगळी ऊब जाळीतून पळते. इथे घर विकायला काढलं की बाहेर पाटी लावतात, ती पोकळ प्लास्टिकच्या शीटची असते. तशा शीट कापून तीन बाजूंना लावतो.

आत्या : सगळ्या बाजू लिंपून टाकू नकोस. ऊब कोंडायच्या नादात हवा कोंडशील. हा झाडावरचा प्राणी, त्याच्या फुप्फुसांना वाहती हवा लागते. गार, ओली आणि साचलेली हवा ही तिन्ही एकत्र आली की छातीचा संसर्ग ठेवलेलाच.

भाचा : म्हणून समोरची बाजू जाळीचीच राहील. खाली एक पट्टी उघडी आणि वरचं झाकण जाळीचं. दिव्याने तापलेली हवा वरून निघते आणि खालून ताजी आत ओढली जाते. पाणीही त्याच हिशोबाने. पहाटे दिवे लागायच्या आधी फवारा, म्हणजे तो पानांवरचे थेंब पितो आणि नंतर ऊब आली की पानं सुकतात. भांड्यातलं साचलेलं पाणी तो सहसा पाणी म्हणून ओळखत नाही, त्यामुळे दुपारी एक ठिबक लावतो. इथे हिवाळ्यात घराबाहेर ओल दिसते, पण बाहेरच्या गार हवेत बाष्प थोडं असतं. तीच हवा आत येऊन तापली की कोरडी होते. रेडिएटर लागला की आर्द्रता कशी घसरते ते काट्यावर दिसतं.

आत्या : आजारी पडायला लागला तर तुला कळेल कसं? हे प्राणी आजार लपवतात. रानात दुबळा दिसला तो गेला.

भाचा : दिवसा डोळे मिटलेले दिसले तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. दिव्याखाली तोंड उघडं ठेवलं तर त्याला गरम होतंय. पण गारव्यात, दिव्यापासून लांब असताना तोंड उघडं, नाकाशी बुडबुडे किंवा श्वासाला टकटक आवाज आला, तर छाती. विष्ठेतला पांढरा भाग पिवळा, केशरी दिसला तर पाणी कमी पडतंय. आणि सकाळी गडद असणं ठीक, पण दुपारी दोनलाही काळपटच असेल, तर त्याला अजून हवी तेवढी ऊब मिळालेली नाही.

आत्या : रंगाचं एक मात्र नीट लक्षात ठेव. जिनिव्हा विद्यापीठातल्या मिलिंकोविच यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवलं की शॅमेलिऑनच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो. त्याच्या खाली मोठ्या स्फटिकांचा आणखी एक थर असतो, तो जवळच्या अवरक्त किरणांचा बराच भाग परतवतो. म्हणजे उन्हापासून बचाव करायची सोय कातडीतच आहे. ज्या प्राण्याच्या अंगात ऊन घ्यायचीही सोय आहे आणि नाकारायचीही, त्याला नाकारायला जागा हवी. तुझ्या पिंजऱ्यात ती जागा थंडीने खाऊन टाकली होती.

भाचा : मान्य. पण यावरून ‘पाळूच नये’ असा निष्कर्ष काढणार असशील, तर तो मला मान्य नाही.

आत्या : काढणारच आहे. बघ, हा जीव एका तारेला लटकलेला आहे. वादळात वीज गेली तर?

भाचा : त्याची तयारी आहे. वीज गेली की खायला नाही, फवारा नाही. पिंजऱ्याला बाहेरून ब्लँकेट, वारा अडवायला. खोली फारच उतरली तर गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर टेकवायच्या, अंगाला कधीच नाही. निरोगी मोठा व्हेल्ड एक गार रात्र काढतो. घाबरून त्याला झटक्यात तापवणं जास्त धोक्याचं. फ्लोरिडात व्हेल्ड शॅमेलिऑन आज मोकळे राहतात, तिथले हिवाळे काढतात.

आत्या : फ्लोरिडात ते गेले कसे?

भाचा : पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून.

आत्या : कोणी सोडले, कोणाचे सुटले, आणि आता तिथल्या किड्यांवर, पालींवर ताव मारतात. हवाईतही तेच. तुझ्या बाजूचं म्हणून तू जे उदाहरण दिलंस, ते माझ्या बाजूचं आहे. माणसाला एखादा प्राणी आवडला की तो त्याला त्याच्या जागेवरून उचलतो आणि मग एकतर प्राण्याला त्रास, नाहीतर नव्या जागेला.

भाचा : हा येमेनमधून उचललेला नाही. इथेच, ब्रिटनमध्ये पैदास झालेला आहे. त्याच्या आधीच्याही पिढ्या पिंजऱ्यातल्या. साइट्स करारात ही जात परिशिष्ट 2 मध्ये आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आहे. आणि इथे 2006 चा प्राणिकल्याण कायदा पाळणाऱ्यावर जबाबदारी टाकतो. योग्य परिसर, योग्य आहार, नैसर्गिक वागणुकीला वाव, वेदना आणि रोगापासून संरक्षण. कुत्र्याला जे लागू, ते याच्यासाठीही मला लागू.

आत्या : कायदा चांगला आहे. पण पिंजऱ्यात जन्मला म्हणून त्याच्या अंगातला डोंगर गेला नाही. तूच म्हणालास, यूव्ही किती घ्यायची हे त्याला कळतं. ते त्याला पिंजऱ्याने नाही शिकवलं. रानात तो एका झाडाची ऊब संपली की दुसऱ्या झाडावर जातो. ऊन, सावली, ओढ्याकाठचा ओलावा, खडकाची झळ. तुझ्याकडे 60 बाय 60 बाय 120 सेंटीमीटर. त्यातल्या प्रत्येक फांदीचं तापमान तू ठरवलेलं. त्याच्या वाट्याला येते ती तुझ्या कल्पनेतून उरलेली निवड.

भाचा : हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण रानातली निवडही अमर्याद नसते, आत्या. साप, ससाणा, दुष्काळ, परोपजीवी किडे. आपल्याकडे तर माणूसही. विषारी समजून लोक दगड घालतात.

आत्या : घालतात. मी किती गावांत जाऊन सांगितलं की बाबांनो, याला विष नाही. अंडी घालायला मादी झाडावरून उतरते, रस्ता ओलांडायला तिला वेळ लागतो, तेवढ्यात संपवतात. म्हणून मला उलट भीती वाटते. इंटरनेटवर तुझा हा पिंजरा बघून सांगली-साताऱ्याचा एखादा मुलगा बांधावरचा शॅमेलिऑन उचलून घरात आणेल. आपला देशी शॅमेलिऑन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पाळणं गुन्हा आहे, आणि तो जगतही नाही असा.

भाचा : ते मी विचारणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वाक्यात सांगतो. पुण्याच्या एका मित्राने विदेशी जातींबद्दल विचारलं तेव्हाही सांगितलं, साइट्सच्या यादीतला प्राणी असेल तर 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि नोंदणीच्याही आधी प्रश्न असा, की मे महिन्यात त्याला रात्री गारवा कुठून देणार? इथे मला ऊब बांधावी लागते, तिथे त्याला गारवा बांधावा लागेल, आणि ते जास्त कठीण. एकसारखी ऊब हीसुद्धा शिक्षा आहे. मादीच्या बाबतीत तर ते उघड दिसतं. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी धरते. तिला सतत गरम ठेवलं आणि भरपूर खाऊ घातलं, तर अंड्यांची संख्या फुगते आणि त्यात तिची शक्ती जाते, कधी जीवही. म्हणून जाणकार मादीचा दिवा मुद्दाम दोन-तीन अंश उतरवतात, खाणं मोजून देतात. ऊब म्हणजे माया, हे समीकरण तिथे मोडतं.

आत्या : इथे मात्र आपण एका ठिकाणी आलो. मी आल्या दिवशी हीटर लाव म्हणाले ते माझ्या अंगाला थंडी वाजली म्हणून. तू लावला नाहीस ते त्याचा डोंगर डोळ्यांपुढे ठेवून. तू बरोबर होतास. पण डोंगर म्हणजे नुसती थंड रात्र नाही. थंड रात्रीनंतर जिकडेतिकडे पसरलेला उबदार दिवस. तिथे तू कमी पडत होतास.

भाचा : म्हणजे ठरलं असं. दिवा आहे तोच, थर्मोस्टॅटवर. तुऱ्याच्या उंचीला मोजून 30 च्या वर नाही. तीन बाजूंना शीट, वर-खाली हवा. दिवसा बाजूने एक मंद सिरॅमिक हीटर, मधल्या फांद्यांसाठी, जाळीच्या बाहेर, त्यालाही स्वतंत्र थर्मोस्टॅट. सबंध खोलीला 1500 वॉटचा हीटर लावण्यापेक्षा हे कितीतरी कमी आणि जास्त नेमकं. रात्री 15 खाली नाही. हॅलोजनचा एक जादा बल्ब कपाटात कायम.

आत्या : आणि हे सगळं टिपून ठेव. तुम्ही लोक यंत्र लावता आणि यंत्रावर विश्वास टाकून मोकळे होता.

भाचा : टिपतो की. सकाळचं वरचं तापमान, दुपारचं मधलं, रात्रीचं सगळ्यांत कमी. रोज तीन आकडे.

आत्या : चौथा रकाना घाल. दिवे लागल्यापासून विझेपर्यंत तो दिव्यापासून लांब किती वेळ होता. तुला दिवसभर बसणं जमणार नाही, पण फोनचा कॅमेरा बसतो. दुपारी तासभर तरी तो आपणहून उतरून पानांत गेला, तर पिंजरा त्याला पुरतोय. हलला नाही, तर पारा काहीही दाखवो, कुठेतरी चुकतंय.

भाचा : हे करतो. पण तुझं मत बदललं नाही ना, पाळण्याबद्दलचं?

आत्या : नाही. माझ्या मते हा तुझा पहिला आणि शेवटचा असावा. पुढे कोणी तुला विचारलं, आणू का, तर त्याला सांग, आधी एक जानेवारी त्या खोलीत नुसता थर्मामीटर ठेव. पहाटे चारचा आकडा बघ, वीज गेल्यावर दोन तासांनी बघ, आठ दिवस गावाला जाशील तेव्हा कोण बघेल ते ठरव. एवढं सगळं जमलं तर विचार कर. यातच बरेच जण थांबतील, आणि थांबलेले बरे.

भाचा : हे मी सांगेन. पण मी एवढंही सांगेन की जो थांबणार नाही त्याला नीट शिकवणं हे त्याला हाकलून देण्याइतकंच गरजेचं आहे. तो प्राणी आणणारच असेल, तर निदान रात्री तांबडा बल्ब आणि दिवसा मोठा बल्ब लावून त्याला भाजू नये.

आत्या : त्याला माझी हरकत नाही. फक्त शिकवताना तुझे तीन आकडे शेवटी सांग आणि चौथा रकाना आधी. पहिले तिन्ही तू ठरवतोस. त्याला काय वाटतंय हे फक्त चौथ्यात कळतं.